एकवीस गोळ्या, बावीस पुंगळ्या

चिंचघाट, तालुका आदिलाबाद
सोमवार, ३१ ऑगस्ट १९८१

सौ. मनकर्णाअक्का,

मी मारोती, तुझा भाऊ. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून नाव आधीच लिहून टाकलं. पत्र भाऊजींच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुमच्या घरी ते कोणाच्या हातात पडेल हे मला माहीत नाही. शाळेत ते भाऊजींच्याच हातात पडेल.

आई बरी आहे. गुडघे दुखतात. बाबा गेल्यापासून ती त्यांचीच उशी घेते. उशी इतकी पातळ झाली आहे की खाली हात घेतल्याशिवाय डोकं टेकत नाही. आई म्हणते, "दरसाली कापूस भरते, अन् दरसाली उंदीर नेते." नवी उशी देतो म्हटलं तर नको म्हणते. कपाशीला पात्या धरल्या आहेत. ज्वारी बरी आहे.

विचारायचं एवढंच होतं की नदीपलीकडे तुमच्या मांडवा गावी पोळा कसा झाला. आपल्याकडे पोळा बंदुकीच्या आवाजावर फुटतो हे तुला माहीत आहे. तो शनिवारी नेहमीसारखा फुटला. नंतर बैल घरोघरी गेले. सगळं ठीक झालं.

काल डोंगा चालवणारा नावाडी चंपत पलीकडून आला आणि पारावर सांगू लागला की मांडव्याच्या सुधाकरराव पाटलांच्या आईला, जयवंताबाईंना, अंगणात बसल्या जागी काहीतरी लागलं.

"काय लागलं?" पांडुरंगकाकांनी विचारलं.

"काय सांगू बाप्पा. बुढी तांदूळ निवडून राह्यली होती, अन् एकदम मांडीतून रगत. कोनी म्हन्ते इज पडली."

"आभाळ तं कोरडं होतं."

"म्हनून तं दुसरे म्हन्ते, देवीचा कोप. लय जनाईले रडवलं ना बुढीनं."

सगळे हसले. मीही हसलो.

तुला खरं काय ते माहीत असेल. जयवंताबाई कोणत्या अंगणात बसल्या होत्या, नदीकडच्या की मागच्या? किती वाजले होते? तुमच्याकडे पोळा फुटायच्या आधी की नंतर? जखमेत काही सापडलं का? मी सहज विचारतो आहे.

आपल्या ओट्यावरून तुमच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसतं. पण हे पत्र आदिलाबाद, नागपूर, यवतमाळ असं फिरून तुझ्याकडे येईल. चंपतच्या हाती दिलं असतं तर आज पोचलं असतं. पण तो बोलका माणूस आहे.

वाचून झालं की फाडून टाक. त्यात तसं काही नाही, तरी फाड.

तुझा भाऊ
मारोती


चिंचघाट
गुरुवार, ३ सप्टेंबर १९८१

अक्का,

पहिलं पत्र तुला अजून मिळालं नसेल. तरी दुसरं लिहितो.

चंपतने आज सांगितलं की तुझ्या दिराला, दौलतला, मंगळवारी पोलिसांनी धरून नेलं. मी त्याला तीनदा विचारलं, दौलतच का, दुसरा कोणी दौलत तर नाही? तो म्हणाला, "गुरुजीचा भाऊ दौलत. मांडव्यात दौलत एकच हाये."

त्याने सांगितलं ते असं. यंदा तुमच्या मोहल्ल्याचे बैल तोरणाखाली सगळ्यांच्या रांगेत उभे राहणार होते. पाटलांच्या माणसांनी ते मागे काढले. दौलत भर पोळ्यात म्हणाला, "पाहून घेईन." घंट्याभरात पाटलांच्या आईच्या मांडीत गोळी. आणि दौलतच्या घरात रानडुकरं हाकायला ठेवलेली भरमार, ठासणीची बंदूक, निघाली. आता वीजही नाही आणि देवीही नाही. दवाखान्यात डॉक्टरने जयवंताबाईंच्या मांडीतून शिसं काढलं, असं चंपत म्हणाला. त्यांना ताप आहे. वय सत्तरच्या वर आहे.

अक्का, मी सगळं लिहिलं नव्हतं. बंदूक मी वाजवली.

तुला वाटेल, त्यात काय लपवायचं. बाबा गेले, तर मुलाने वाजवायची. पण लायसन बाबांच्या नावाचं होतं. त्यावर तिला रायफल म्हटलं आहे, पिकाच्या राखणीसाठी. नाव असलेला माणूस मेला की बंदूक ठाण्यात जमा करायची असते. चैत्रात इंद्रवेल्लीला आदिवासींच्या सभेवर गोळीबार झाला तेव्हापासून तर पोलीस गावोगाव बंदुका विचारत फिरत आहेत. जमादार जूनमध्ये आपल्याकडेही आला होता. काकांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की बंदूक दुरुस्तीला आदिलाबादला दिली आहे. बंदूक त्याच खाटेखाली होती. मी पाणी घेऊन उभा होतो आणि खाटेखाली पाहायचं टाळत होतो.

पोळ्याच्या सकाळी मी काकांना म्हणालो, यंदा राहू द्या.

"तुया बापानं बावीस साल वाजवली," काका म्हणाले. "तू काऊन भेऊन राह्यला?"

"काका, लायसन बाबांच्या नावाचं होतं."

"पोळ्याले लायसन लागते काय? बैल इचारते काय, लायसन दाखव म्हनून?"

ओट्यावरचे सगळे हसले. मग ते हळू आवाजात बोलले.

"कागदावर लिवलं हाये का बंदूक डुकरासाठी. तुया बापानं, मानिकरावनं, एक तरी डुक्कर मारलं काय? बंदूक डुकरासाठी नसते, बाबू. घरात बंदूक असली का तहसीलवाला खुर्ची मागून बसते, उभ्यानं हुकूम देत नाई. पोरीचं लगन जमते. बंदूक वाजली नाई तं उद्या लोक म्हनतीन, मानिकराव मेला अन् संगं घरबी मेलं."

म्हणून मी तयारी केली. बाबा पोळ्याच्या दिवशी मागच्या खोलीचं दार लावून बंदुकीची पूजा करायचे, तुला आठवतच असेल. अर्धा तास कोणालाही आत घ्यायचे नाहीत. मला कधीच घेतलं नाही. ते काय पूजा करायचे हे मला नक्की माहीत नव्हतं, म्हणून मी अंदाजाने सगळं केलं. नळी पुसली, हळदकुंकू लावलं, तांदूळ वाहिले, नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली. मग डब्यातून एक काडतूस घेऊन भरलं. काही चुकू नये म्हणून पुन्हा एकदा नमस्कार केला.

तोरणाखाली गाव उभं होतं, बैल उभे होते, लेकरं उभी होती. म्हणून मी नळी नदीकडे केली आणि तिरपी वर धरली. नदीकडे कोणी नसतं. मी तेवढा विचार केला होता.

धक्का इतका बसला की मी दोन पावलं मागे गेलो. लोक हसले. चंपतच म्हणाला, "मालक, बंदूक तुमाले वाजवून राह्यली का तुमी बंदुकीले?" बाबांना असा धक्का बसलेला मी एकदाही पाहिला नव्हता. मला वाटलं, त्यांच्यात ताकद होती, माझ्यात नाही.

एक काम कर. वर गेलेली गोळी कुठे जाते, हे भाऊजींना विचार. ते विज्ञान शिकवतात. ती वरच जिरते की खाली येते? खाली येत असेल तर किती दूर? माझं नाव न घेता विचार.

मारोती


चिंचघाट
सोमवार, ७ सप्टेंबर १९८१

अक्का,

तुझं उत्तर नाही. भाऊजींचंही नाही. पत्रं पोचली असतील तर तुला राग आला असेल. पोचली नसतील तर दुसऱ्या कोणाच्या हातात पडली असतील. दोन्ही विचारांनी मी काल जेवलो नाही.

आज मला जे सापडलं ते सांगतो.

लायसनचा कागद पाहावा म्हणून मी मागच्या खोलीतली बाबांची पेटी काढली. तळाशी धोतराच्या फाडीत गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता. आत दोन पुरचुंड्या होत्या. एकीत उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. त्या मोजल्या, बावीस भरल्या. एकोणीसशे एकोणसाठला बंदूक आली, तेव्हापासून गेल्या पोळ्यापर्यंत बावीस पोळे झाले. दर पोळ्याला एक बार. हे जुळलं.

दुसऱ्या पुरचुंडीत गोळ्या होत्या. काडतुसं नाहीत, काडतुसांच्या तोंडाला बसवलेल्या नुसत्या गोळ्या, बोराच्या बीपेक्षा थोड्या लांब. प्रत्येकीवर पकडीचे वळ होते. त्या पाच वेळा मोजल्या. एकवीस आहेत.

डबा मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो. पुंगळी फुटली म्हणजे बार झाला. गोळी इथे आहे म्हणजे ती बारासोबत गेलीच नाही. बाबा दार लावून पूजा करत नव्हते. ते पकडीने काडतुसातून गोळी काढत होते. सगळं गाव तोरणाखाली ऐकायचं तो नुसता आवाज होता. म्हणून त्यांना धक्का बसत नसे.

त्यांनी एकवीस वर्षं गोळी काढली. मी हळदकुंकू लावलं आणि गोळी तशीच ठेवली.

एक गोळी कमी का, ते मला समजत नाही. ती कुठे गेली? ती कोणाला लागली होती का?

तुला हे माहीत होतं का? दार लावलेलं असायचं तेव्हा तू बाहेर नसायचीस, हे मला आज आठवलं. मी अंगणात तुला हाका मारत फिरायचो. तू आत असायचीस का?

माहीत असेल तर मला आधी सांगायला हवं होतंस, असं मी इथे लिहिलं होतं. मग ते खोडलं. मीच विचारलं नाही. तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हा तुझं नाव घरात काढायचं नाही असं बाबा म्हणाले होते. बाबा गेल्यावर तसं म्हणणारं कोणी उरलं नाही, तरी मी ते पाळलं.

अजून एक लिहितो. लिहायचं ठरवलंच आहे तर ते राहू नये. बाबा गेले त्या दिवशी दुपारी तू पलीकडच्या काठावर उभी होतीस, हे मी ओट्यावरून पाहिलं. तुझी हिरवी साडी होती. तुला कोणी कळवलं हे मला माहीत नाही. मी तर तिसऱ्या दिवशी कळवणार होतो. मी चंपतला बोलावून सांगितलं की डोंगा घेऊन पलीकडे जाऊ नको. काकांनी मला तसं सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं. लोक काय म्हणतील या भीतीने मी स्वतः सांगितलं. सरण पेटलं तेव्हाही तू तिथेच होतीस. मग मी तिकडे पाहिलं नाही.

आता दौलत कोठडीत आहे. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी ओट्यावर धावतो. ती गाडी माझ्यासाठी यावी असंही वाटतं आणि येऊ नये असंही वाटतं. जयवंताबाई मेल्या तर दौलतवर खुनाचा खटला होईल. मी रोज देवाला म्हणतो, ती म्हातारी जगू दे. तिच्यासाठी म्हणतो की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. चंपतच्या हाती देतो. तो बोलला तर बोलू दे.

मारोती


चिंचघाट
शुक्रवार, ११ सप्टेंबर १९८१

अक्का,

चंपतने तुझं पत्र आज सकाळी दिलं. मग तो डोंग्यातलं पाणी उपसत बसला.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं आहे की आता मला ते पाठ आहे. तू लिहिलंस:

"बारा वर्षांची झाल्यापासून मी आत असायची. बाबा पकडीने गोळी काढायचे अन् मी कापूस द्यायची. त्या दिवसांत शेतातला कापूस फुटलेला नसते, म्हणून बाबाच्या उशीतला काढायची. तो काडतुसात ठासला का दारू सांडत नसे. पहिल्या साली बाबानं गोळीसकट बार केला होता. ती गोळी आपल्याच गोठ्यावर पडली अन् कालवड मेली. बाबानं गावाले सांगितलं का साप चावला. मले म्हणाले, बंदूक रिकामी हाये हे कोणाले कळलं तं बंदुकीचा मान राहत नाई, अन् गोळी ठेवली तं माणूस राहत नाई. म्हणून हे आपल्या दोघातच ठेवजो."

म्हणजे कमी असलेली गोळी ती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरं निघालं. पण त्यापुढे तू हे लिहिलंस.

"लग्न झाल्यावर मी दर पोळ्याले संध्याकाळी मागच्या दारात उभी राहत होती. नदीपलीकडून आवाज यायचा. कापसाचा आवाज बसका असते. तो आला का मले समजे, बाबा बरे हायेत. यंदा आवाज टोकदार आला. मी त्याच क्षणी समजली का मारोतीनं गोळी काढली नाई. मी देवाचं नाव घेतलं अन् वर पाह्यत उभी राह्यली. मग पाटलाच्या घरून आरडाओरडा आला."

अक्का, तुला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. माझं पहिलं पत्र आलं तेव्हा तुला माहीत होतं. त्यात मी लिहिलं होतं, सहज विचारतो आहे. तुझ्या डोळ्यांदेखत दौलतला ओढून नेलं आणि तू तुझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाहीस. ज्याने तुला बापाचं तोंड पाहू दिलं नाही त्याच्यासाठी तू दहा दिवस गप्प राहिलीस.

"दौलतले काल पाहून आली. त्याचा डावा हात उचलत नाई. तो म्हणते, वहिनी, मी काई केलं नाई. मी त्याले म्हटलं, मले मालूम हाये. त्याले वाटलं मी नुसती धीर देऊन राह्यली. मारोती, मी तुयं नाव सांगणार नाई. सांगणं माया तोंडून होत नाई. तू सांग."

हे वाचून मी काकांकडे गेलो. त्यांना डबा दाखवला. काका गोळ्यांकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. चितेपाशीही नाही.

"म्हन्जे मानिकराव बावीस साल आपल्याले..." ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "हे कोनाले दाखवू नको."

"काका, तिकडे दौलत मार खातो आहे."

"तो तुया कोन हाये?"

"अक्काचा दीर आहे."

"अक्का! आता आठवली तुले अक्का?" काकांनी डबा बंद केला. "ऐक. उद्या गनपती बुडवाचा हाये. बंदूक अन् हा डबा धोतरात गुंडाळून गनपतीच्या पाटाखाली बांधू अन् मधल्या डोहात सोडू. देवाच्या संगं गेलं त्याले कोनी इचारत नाई. बंदूकच नाई, तं गोळी कोनाची? त्या पोराचं तिकडचे पाह्यतीन. पुराव्याबिगर किती दिवस ठेवतीन?"

"भरमार आहे त्याच्याकडे. तोच पुरावा धरला आहे."

"तं ते त्याचं नशीब." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचा आवाज बदलला. "बाबू, मी तुले वाजवायले लावली. तू जेलात गेला तं तुया मायले मी काय तोंड दाखवू? मीबी भेऊनच राह्यलो ना."

खोटं सांगणार नाही. मला काकांचं पटलं. घरी येईपर्यंत पूर्ण पटलं होतं. डोह खोल आहे, नदीला पाणी आहे, गाव तोंड उघडणार नाही. सकाळी उठल्यावर माझ्याकडे बंदूक नसेल, मी कपाशीत फवारणी करीन आणि गाडी आली तरी ओट्यावर धावणार नाही. मी धोतरसुद्धा काढून ठेवलं.

मग आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. का दाखवलं, हे नीट सांगता येत नाही. तिने तुझं अक्षर ओळखलं होतं आणि ती समोर बसून होती. मी सगळं वाचलं, कालवड, कापूस, आवाज, दौलतचा हात. आईने बाबांची उशी मांडीवर ओढली. मग म्हणाली,

"म्हन्जे उंदीर माईच पोरगी होती."

आणि हसली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग तोंडावर पदर घेऊन रडली.

मी तिला काकांचा विचार सांगितला. ती म्हणाली, "तुया बापानं बंदूक रिकामी ठेवली, ती कोनाले लागू नाई म्हनून. तू डोहात टाकशीन, तं ती त्या पोराले रोज लागन." मग उठली आणि ज्वारीच्या भाकरी टाकायला बसली. उद्या सकाळची भाकर आजच कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ठान्यात कोन देईन तुले भाकर?"

मी अजून ठरवलं नव्हतं, अक्का. तिने ठरवलेलं दिसलं.

मारोती


मांडव्याचा काठ
शनिवार, १२ सप्टेंबर १९८१
दुपार

अक्का,

हे पत्र लांबून येत नाही. मी तुमच्या काठावर करंजाखाली बसलो आहे. चंपतला शाळेकडे पाठवतो आहे.

गावचा गणपती दुपारी निघाला. मी धोतरात गुंडाळलेली बंदूक घेऊन सगळ्यांसोबत नदीवर आलो. काकांनी पाटाकडे बोट दाखवलं. मी पाटाकडे गेलो नाही, डोंग्यात चढलो. चंपतने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं. काका काठावरून म्हणाले, "मारोती, माघारी ये." मग पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा ते ओरडले, "पुढच्या साली पोळा कसा फुटन रे!" आणि ताशे वाजू लागल्याने पुढचं ऐकू आलं नाही. पाणी वाढलेलं होतं, डोंगा आडवा होत होता. बंदूक आपोआप हातातून सुटली तर बरं, असं माझ्या मनात मध्यावर एकदा आलं. मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

चंपत अर्ध्या नदीत म्हणाला, "मालक, त्या दिवशी तुमी सांगितलं म्हनून मी डोंगा सोडला नाई. ते बाई तिथंच, त्या करंजाखाली उभी होती. मी तवापासून हे झाड पाह्यत नाई."

आता मी त्याच झाडाखाली आहे.

माझ्याजवळ एवढं आहे. बंदूक, बाबांचं लायसन, डबा. डब्यात एकवीस गोळ्या आणि बावीस पुंगळ्या. यंदाची पुंगळी कागदात वेगळी बांधली आहे. जयवंताबाईंच्या मांडीतून निघालेली गोळी या गोळ्यांशेजारी ठेवली तर कोणालाही कळेल की ती कुठली आहे. भरमारीतून अशी गोळी निघत नाही. जूनमध्ये जमादारापासून बंदूक लपवली तेही सांगणार आहे. मी वाजवली, असं सांगेन. काकांनी वाजवायला लावली, असं म्हणणार नाही. तू आवाज ओळखला होतास हे सांगणार नाही. ते आपल्या दोघांत राहू दे.

ठाणं इथून चार कोस आहे. वाट गावातून जाते आणि पाटलांच्या दारावरून जाते, असं चंपतने सांगितलं. मला भीती वाटते. सुधाकररावांची माणसं काय करतील याची वाटते. दौलत समोर आला तर त्याची वाटते. जयवंताबाई काल सायंकाळी शुद्धीवर होत्या, असं चंपत म्हणाला. मला त्यांचीही भीती वाटते.

तुला ये म्हणायचा मला हक्क नाही. तू आलीस तर आपण दोघं चालू. चंपत एकटा परत आला तर मी समजेन, उठेन आणि चालू लागेन. तू त्या दिवशी उन्हात जेवढा वेळ उभी होतीस तेवढा वेळ तरी मी इथे बसू शकतो.

बंदूक रिकामी आहे. दोनदा पाहिलं. तरी गावातून नेताना कोणी भिऊ नये म्हणून नळीच्या तोंडात कापूस ठासला आहे. यंदाचा अजून फुटला नाही. आईने सकाळी बाबांची उशी उसवून दिला. म्हणाली, उरलेला सगळा ने.

तुझा भाऊ
मारोती